म्हाताऱ्या माणसांना ‘शांत’ ठेवणारी गोळी : चाचण्यांत काय निघालं?

पोखर्णी (ता. परभणी) : दिवस मावळायला लागला की काही घरांत म्हातारं माणूस एकदम अस्वस्थ होतं. जन्म ज्या घरात गेला त्याच घराच्या ओट्यावर बसून ‘मला माझ्या घरी नेऊन घाला’ म्हणतं. सुनेवर चोरीचा आळ घेतं, रात्री दोनला कडी काढून निघतं, वारलेल्या नवऱ्याची जेवायला वाट बघतं. गावात याला कुणी ‘चळ लागला’ म्हणतं, कुणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेतं. पाच-सहा रात्री घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागला नाही की दवाखाना गाठला जातो आणि चिठ्ठीवर एक बारीक गोळी येते. ‘रात्री एक द्या, शांत झोपतील.’

म्हातारं माणूस खरंच शांत होतं. मग तीच चिठ्ठी मेडिकलवर महिनोन्‌महिने चालत राहते. गोळी कधी बंद करायची, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

या गोळ्यांची जगात गेली वीस-पंचवीस वर्षं कसून तपासणी झाली आहे. हजारो आजाऱ्यांवर चाचण्या झाल्या, निकाल छापून आले, सरकारांनी इशारे काढले. ते सगळं इंग्रजीत राहिलं. पोखर्णी, दैठण्याच्या घरात गोळी पोहोचली, तिच्याबरोबरचा इशारा मात्र पोहोचला नाही.

आजार किती, कुणाला?

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया. नुसतं चष्मा कुठं ठेवला हे विसरणं म्हणजे डिमेन्शिया नव्हे. रोजची कामं, रस्ता, पैशाचा हिशेब, माणसांची ओळख हळूहळू सुटत जाते तो हा आजार. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. मेंदूला छोटे-छोटे झटके येऊनही हा आजार होतो, आणि शुगर-बीपी सांभाळली नाही तर त्याचा धोका वाढतो. भारतात साठी ओलांडलेल्या माणसांची देशपातळीवर पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात साधारण ७.४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त. एखाद्या गावात साठीपुढची ४०० माणसं धरली तर याच हिशेबाने ३० घरांत ही गोष्ट चालू असणार. त्यातल्या किती घरांना आजाराचं नाव ठाऊक आहे, हा वेगळाच प्रश्न.

विसरण्याचा घरच्यांना तितका त्रास होत नाही. त्रास होतो तो वागण्याचा. आरडाओरड, मारायला धावणं, संशय, रात्रभर जागरण, नसलेली माणसं दिसणं. गोळी मागितली जाते ती यासाठी.

गोळीची परीक्षा कशी झाली

‘शांत’ करणाऱ्या या गोळ्या मुळात स्किझोफ्रेनियासारख्या तरुणपणी सुरू होणाऱ्या मानसिक आजारांसाठी निघालेल्या. हॅलोपेरिडॉल जुनी, तर रिस्पेरिडोन, ओलँझापिन, क्वेटियापिन त्यामानाने नव्या. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना त्या आधी सवयीने दिल्या जाऊ लागल्या आणि कसून परीक्षा पुढे झाली. इथेच सगळी गडबड आहे.

परीक्षेची पद्धत समजायला सोपी आहे. आजाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला काय मिळतंय हे आजाऱ्यालाही माहीत नसतं, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. अमेरिकेत घरी राहणाऱ्या ४२१ अल्झायमरच्या आजाऱ्यांवर अशी चाचणी झाली, निकाल २००६ मध्ये आला. ओलँझापिन घेणाऱ्यांत शंभरातले ३२, रिस्पेरिडोनवाल्यांत २९, क्वेटियापिनवाल्यांत २६ सुधारले. आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत? २१. म्हणजे काहीच औषध पोटात न जाता शंभरातल्या एकवीस जणांची तब्येत बरी वाटू लागली होती. दुष्परिणाम सोसेनात म्हणून गोळी बंद करावी लागलेल्यांचा हिशेब उलटा निघाला. ओलँझापिनमध्ये शंभरात २४, रिस्पेरिडोनमध्ये १८, क्वेटियापिनमध्ये १६, औषध नसलेल्या गोळीत फक्त ५. थोडा फायदा होता, पण दुष्परिणामांनी तो खाऊन टाकला, असाच त्याचा निष्कर्ष होता.

त्याआधीच, एप्रिल २००५ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १७ चाचण्या एकत्र करून मृत्यू मोजले होते. साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध नसलेल्या गटात शंभरात २.६ जण दगावले होते, खऱ्या गोळीच्या गटात ४.५. धोका दीडपटीहून जास्त. कारणं बहुतेक हृदयाची किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाची. लकव्याचा धोकाही वाढलेला दिसला. तेव्हापासून या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापला जातो. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांनाही तो लागू झाला.

सगळ्यात बोलकी चाचणी इंग्लंडमधली. वृद्धाश्रमांत आधीपासून या गोळ्यांवर असलेले १६५ आजारी घेतले. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांना गुपचूप औषध नसलेली गोळी दिली. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा गोळी चालू असलेल्यांत शंभरातले ४६ जिवंत होते, बंद केलेल्यांत ७१. गट लहान होता, म्हणून हाच आकडा सगळीकडे तंतोतंत लागू होईल असं नाही. पण दिशा इतर चाचण्यांशी जुळणारी होती. २००९ मध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात हिशेब मांडला : वर्षाला १ लाख ८० हजार डिमेन्शियाच्या आजाऱ्यांना या गोळ्या दिल्या जातात, त्यातल्या जास्तीत जास्त ३६ हजारांना काही फायदा होतो, आणि सुमारे १,८०० जण गोळीमुळे जादा दगावतात.

पुढे याच बॅनर्जींच्या गटाने मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या गोळीची २०४ आजाऱ्यांवर चाचणी घेतली. ती गोळी सुरक्षित पर्याय ठरेल अशी आशा होती. २०२१ ला निकाल आला : काही उपयोग नाही, उलट गोळीच्या गटात ७ मृत्यू आणि औषध नसलेल्या गटात १. मे २०२३ मध्ये अमेरिकेने ब्रेक्सपिप्राझोल या गोळीला अल्झायमरमधल्या चिडचिडीसाठी खास मान्यता दिली, तीही त्याच काळ्या चौकटीसकट.

एक गोष्ट या चाचण्या वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे. ‘किती शांत झाले’ याचे गुण बऱ्याचदा आजाऱ्याला विचारून लावत नाहीत, सांभाळणाऱ्याला विचारून लावतात. सून म्हणाली ‘आता त्रास कमी आहे’ की गुण सुधारतात. म्हातारी गुंगीत पडून आहे की खरोखर समाधानात आहे, यातला फरक त्या गुणांत नेहमीच उतरतो असं नाही.

मग गोळी द्यायचीच नाही का?

असं कुणी म्हणत नाही. म्हातारा कोयता घेऊन धावतोय, स्वतःला किंवा लेकराला इजा करेल अशी वेळ असेल तर गोळी लागते, आणि तेव्हा ती जीव वाचवते. इंग्लंडमध्ये रिस्पेरिडोनला यासाठी परवानगी आहे, पण कमी डोस आणि जास्तीत जास्त सहा आठवडे. नंतर डॉक्टरने पुन्हा बघायचं. आपल्याकडे नेमकी ही ‘नंतर बघायची’ पायरी गळते. चिठ्ठी एकदा लिहिली की ती सातबाऱ्यासारखी कायमची होते.

ज्यांच्या घरी गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती उद्या फेकून देऊ नये. एकदम बंद केल्यानं त्रास उफाळू शकतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते.

चिठ्ठीत आणखी दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. रिस्पेरिडोनच्या जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल नावाचं औषध असतं, पुष्कळदा एकाच गोळीत मिसळलेलं. हात थरथरू नयेत म्हणून ते देतात. तरुण आजाऱ्याला ते चालून जातं, पण म्हाताऱ्या मेंदूची आठवण ते आणखी पुसतं, लघवी अडवतं, बद्धकोष्ठ करतं. विसरण्याच्या आजाऱ्याला विसरायला लावणारी गोळी, असा हा प्रकार. दुसरी गोष्ट झोपेच्या गोळ्यांची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम घेतल्यावर म्हातारं माणूस रात्री लघवीला उठतं, तोल जातो, खुबा मोडतो. अल्प्राझोलम तर २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहे. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. नियम कागदावर चांगला आहे.

डिमेन्शियाच्या एका प्रकारात आजाऱ्याला नसलेली माणसं, जनावरं स्पष्ट दिसतात, चाल पार्किन्सनसारखी आखडते. लेवी बॉडी त्याचं नाव. यात हॅलोपेरिडॉलचा लहानसा डोसही जिवावर बेतू शकतो. ‘आईला भिंतीवर लेकरं दिसतात आणि ती पाय घासत चालते’ एवढं घरच्यांनी गोळी लिहायच्या आधी डॉक्टरला सांगितलं तरी मोठा धोका टळतो.

दुखतंय, पण सांगता येत नाही

आता एक अशी चाचणी, जी खरं तर प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावायला हवी. नॉर्वेतल्या १८ वृद्धाश्रमांत ३५२ आजारी घेतले. सगळ्यांना डिमेन्शिया, सगळे चिडचिडे, त्रासदायक वागणारे. एका गटाला नेहमीचेच उपचार. दुसऱ्या गटाला ठरलेल्या पायऱ्यांनी वेदना कमी करायची औषधं. त्यातल्या बहुतेकांना दिलं काय, तर पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्या गटाची चिडचिड १७ टक्क्यांनी कमी झाली. औषध थांबवल्यावर पुन्हा वाढली. निकाल २०११ मध्ये छापून आला.

जन्मभर खुरपणी केलेल्या बाईचे गुडघे दुखत नसतील का? दाढ ठणकत असेल, मुळव्याध असेल, चार दिवस पोट साफ झालं नसेल, लघवीला जळजळ होत असेल. तिला शब्द सापडत नाही, म्हणून ती ओरडते, नाहीतर अंगावर हात टाकणाऱ्याला चावते. तिच्या दुखण्याला झोपेची गोळी म्हणजे रडणाऱ्या तान्ह्याच्या तोंडात बोळा.

म्हणून कोणत्याही शहाण्या डॉक्टरकडे गेलं की गोळीआधी तपासणी होते. एक-दोन दिवसांतच माणूस एकदम बदललं असेल, कधी गुंगीत कधी बरळत, तर तो डिमेन्शिया नसून बहुधा अंगातला संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम घसरणं, शुगर खाली-वर होणं किंवा नव्याने सुरू केलेलं औषध असतं. ही तातडीची गोष्ट आहे, ‘म्हातारचळ’ म्हणून थांबायचं नाही. दोन-तीन आठवड्यांपूर्वी डोक्यावर पडल्याचं कुणाला आठवत असेल तर सीटी स्कॅन हवा, आत रक्त साकळलेलं असू शकतं. थायरॉईड तपासायचं. आणि बी-१२. माळकरी घरांत अंडी-मटण वर्ज्य, दूध म्हणावं तर चहापुरतं. बी-१२ कमी पडलं की विसरभोळेपणा आणि चिडचिड दोन्ही येतात, आणि ती कमतरता भरून काढता येते.

कानाचं आणि डोळ्यांचंही तेच. ऐकू न येणाऱ्याला घरातले कुजबुजताना दिसतात आणि आपल्याविरुद्धच बोलतायत असं वाटतं. मोतीबिंदूच्या डोळ्याला अंधारात दोरीचा साप दिसतो. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ गटाने डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली, त्यात बहिरेपण आणि न उपचारलेली कमी नजर दोन्ही आहेत.

गोव्याची पद्धत

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याजवळची चाचणी गोव्यातली आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचा आजारी असलेली ८१ कुटुंबं घेतली, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाच्या घरी सहा महिने प्रशिक्षण दिलेला साधा कार्यकर्ता जात राहिला. डॉक्टर नाही, नर्स नाही. आजार काय आहे, ओरडलं तर काय करायचं, आंघोळीला नाही म्हटलं तर काय करायचं, सरकारी मदत कुठून मिळते, एवढं तो सांगायचा. मानसोपचारतज्ज्ञ एकदा तपासायचा, गरज असेल तरच औषध. २००८ मध्ये निकाल आला : सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. आजाऱ्याच्या वागण्यात पडलेला फरक मात्र सिद्ध म्हणता येईल इतका मोठा नव्हता.

हा निकाल कुणाला अर्धवट वाटेल, पण गोळी मागायला दवाखान्यात कोण जातं ते बघा. आजारी जात नाही, सांभाळणारी बाई जाते, थकून. दिवसा कापूस वेचायचा, रात्री सासूमागे फिरायचं. तिचा भार हलका झाला तर निम्म्या चिठ्ठ्या लिहायची वेळच येणार नाही. गावागावात आशाताई आहेत. गोव्यात जे कार्यकर्त्यांनी केलं ते त्यांना शिकवता येण्यासारखं आहे. अर्थात, त्यांच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की मानधन न वाढवता आणखी एक काम टाकणं म्हणजे चेष्टाच.

आठवणीच्या गोळ्या आणि महागडी सलाईन

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या वेगळ्या गोळ्या. त्या आठवणीसाठी. आजार बरा करत नाहीत, काही जणांत घसरण थोडी लांबवतात. ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र आजाराच्या २९५ जणांवर वर्षभर चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला. डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांना ३० गुणांच्या आठवण-परीक्षेत बंद केलेल्यांपेक्षा सुमारे दोन गुण जास्त मिळाले. फायदा आहे, पण लहान. मळमळ होते, नाडी मंदावते, म्हणून सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी.

मोबाईलवर मात्र वेगळ्याच बातम्या फिरतात, ‘अल्झायमरवर औषध सापडलं’ अशा. ते लेकानेमॅब. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. सुमारे १,८०० जणांवरच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्के मंदावली, असं छापून आलं. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहून कमी आहे. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला परत परत एमआरआय करायचा, आणि तेही आजाराच्या अगदी सुरुवातीलाच. रात्री कडी काढून निघणाऱ्या आजीसाठी ते नाही. त्यासाठी कुणी शेत विकू नये.

अंगठा कुणाचा?

परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झालं. मोठ्या दवाखान्यांत औषधांच्या चाचण्या होतात, उद्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनाही कुणी विचारेल. विचारावं, त्यात गैर काही नाही. वर आलेले जवळजवळ सगळे आकडे वृद्धाश्रमात किंवा शहरात राहणाऱ्या गोऱ्या माणसांचे आहेत. उन्हातान्हात राबलेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या, निरक्षर म्हाताऱ्यांना कोणती गोळी कशी लागू पडते हे इथे तपासल्याशिवाय कळणार नाही.

पण संमती कुणाची? जमिनीच्या वाटणीत विसरलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा कसा उमटतो, हे गावाला सांगायला नको. औषधाच्या चाचणीत तसं चालत नाही. २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार आजाऱ्याला समजून संमती देता येत नसेल तर कायद्याने मान्य असलेल्या जवळच्या माणसाची लेखी संमती लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे. अगदी नवं औषध असेल आणि आजारी असा दुबळ्या गटातला असेल तर संमती देतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाई. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. प्रत्येक चाचणीची नोंद केंद्राच्या सीटीआरआय या वेबसाईटवर असावी लागते. नोंदणी क्रमांक मागायचा आणि मोबाईलवर बघायचं. क्रमांक सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल तर सही करायची नाही.

हाताशी काय आहे

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही. मात्र ते दाखल होण्यासाठी, महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, वर्षाला २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३ हजार रुपये आहेत, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी. अर्ज समाज कल्याण विभागाकडे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष विचारावा. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर मराठीत बोलतो, आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्यावीत, शुगर-बीपीची, गुडघ्याची, मेडिकलवरून परस्पर आणलेली, सगळी. आठ दिवस वहीत लिहून ठेवावं : किती वाजता ओरडली, त्याआधी काय झालं होतं, जेवली का, पोट साफ झालं का. आणि डॉक्टरने ‘शांत’ करणारी गोळी लिहिलीच, तर चिठ्ठीवर तिच्या पुढेच ती बंद करायची किंवा परत दाखवायची तारीख लिहून मागावी.